बाक नसलेली शाळा



अशी एक शाळा डोळ्यांसमोर आणा, की जिला घंटा नाही, बाक नाहीत, पटांगण नाही आणि पाण्याच्या टाकीपाशी चालणारी ढकलाढकलीही नाही. "मस्तच की!" म्हणाल. पण थांबा हं. त्या शाळेत बाई आहेत, गृहपाठ आहे आणि परीक्षासुद्धा आहे. मग सांगा बरं, अशा शाळेत दांडी मारायची कशी? आणि मारलीच, तर ती बाईंना कळणार कशी?

हसू नका. अशी शाळा काढणाऱ्या मंडळींना सगळ्यात जास्त छळलं ते याच प्रश्नानं.

तुमच्यातल्या मोठ्यांना २०२० साल आठवत असेल. करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि आपण सगळे मोबाइलवर शिकू लागलो. घरात मोबाइल एक, तोही बाबांबरोबर कामावर गेलेला. माझ्या वर्गातल्या काही मुलांचा तर आवाजसुद्धा मला कित्येक आठवडे ऐकू आला नव्हता. पण ती व्हर्च्युअल शाळा नव्हती बरं का. ती घाईघाईनं फोनमध्ये कोंबलेली आपली नेहमीचीच शाळा होती. खरी व्हर्च्युअल शाळा म्हणजे पहिल्या दिवसापासून तशीच ठरवून, आखून काढलेली. अशा एका सरकारी शाळेची गोष्ट आज सांगते.

अमेरिकेत फ्लोरिडा नावाचं राज्य आहे. आपल्याकडे जिल्हा परिषद शाळा चालवते ना, तसं तिथे प्रत्येक काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, लोकांनी निवडून दिलेलं शाळा मंडळ असतं. असे ६७ जिल्हे. त्यातल्या एकाचं नाव ऑरेंज, म्हणजे चक्क संत्रं! (नागपूरकरांनो, खूश?) दुसऱ्याचं अलाचुआ. १९९६ साली या दोन जिल्ह्यांनी मिळून राज्याच्या शिक्षण खात्याकडून दोन लाख डॉलर मिळवले आणि इंटरनेटवर चालणारी शाळा काढायचं ठरवलं. त्या काळी टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट यायचं, तेही रांगत. ऑगस्ट १९९७ मध्ये शाळा सुरू झाली. पट किती? फक्त ७७!

पण गरज काय होती? खेड्यातल्या छोट्या हायस्कुलात वरच्या दर्जाचं गणित किंवा विज्ञान शिकायला मुलं दोन-चारच असतात. तेवढ्यांसाठी वेगळे शिक्षक कोण नेमणार? मग हुशार मुलांना तो विषयच सोडून द्यावा लागे. कुणाला लवकर पुढे जायचं असे, तर कुणाचा विषय राहिलेला असे. या मुलांनी आपली गावातली शाळा सोडायची नाही, फक्त तो एक विषय दुसरीकडून शिकायचा, अशी कल्पना होती. केव्हाही, कुठेही, आपल्या वाटेनं आणि आपल्या चालीनं शिका, हे त्या शाळेचं ब्रीद.

हे 'आपल्या चालीनं' वाचून तुम्ही खूश झालात ना? तिथलीही काही मुलं झाली असतील. पण घंटा नसली की उद्यावर ढकलणं किती सोपं! आणि वर्गात बसलेल्या मुलाचा उतरलेला चेहरा बाईंना दिसतो, तसा इंटरनेटवर कुठून दिसणार? यावर या शाळेला सापडलेला उपाय अगदी जुनाच होता, टेलिफोन. शिक्षक प्रत्येक मुलाला फोन करतात आणि आईबाबांनाही करतात, नेमानं, दर महिन्याला. मूल नापास झालं म्हणून नव्हे हं. चांगलं चाललं असलं तरीही. शिवाय धड्यांचा एक गट संपला की फोनवर तोंडी परीक्षा. "हे उत्तर तू असं का लिहिलंस? जरा समजावून सांग बघू." ज्यानं दादाकडून गृहपाठ लिहून घेतला असेल, त्याची इथे बोबडी वळते!

गंमत म्हणजे तिथे शारीरिक शिक्षण हा विषयही असाच शिकवतात. मूल घराजवळ धावतं, पोहतं, सायकल चालवतं आणि केव्हा किती केलं त्याची नोंद ठेवतं. खोखो मात्र तिथे कसा खेळणार, हे मला अजून उमगलेलं नाही.

आता पैशांची गोष्ट. आईबाबांनो, हा भाग तुमच्यासाठीही आहे. शाळेला सरकारचे पैसे कशावर मिळतात? साधारणपणे मुलांच्या संख्येवर. पटावर मूल आहे ना, मग झालं. फ्लोरिडाच्या या शाळेला २००० साली कायद्यानं स्वतंत्र दर्जा मिळाला आणि २००३ पासून तिच्यासाठी नियम झाला, की मुलानं विषय यशस्वीपणे पूर्ण केला तरच त्याचे पैसे शाळेला मिळतील. नाव घातलं आणि मूल मध्येच गळालं, तर त्याचा पैसा नाही. शिक्षकांनी मेहनत केलेली असली तरीही नाही.

मला हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा फार कडक वाटला. शिक्षकानं जीव तोडून शिकवलं आणि मुलाच्या घरी काही अडचण आली, तर? आणि पैशांसाठी कुणी मुलांना उगाच पास करू लागलं, तर? दोन्ही शंका खऱ्याच आहेत. तोंडी परीक्षा तिथे का हवी, ते आता ध्यानात येईल. पण या नियमामुळे एक गोष्ट मात्र झाली. गायब झालेलं मूल शोधणं हे शाळेचं नुसतं चांगलं काम राहिलं नाही, ते तिच्या पोटापाण्याचं काम झालं. पुढे २००८ मध्ये कायदा झाला, की प्रत्येक जिल्ह्यानं अशा शिक्षणाची सोय करायची. मग काही जिल्ह्यांनी याच शाळेचे तयार धडे घेतले आणि शिकवायला शिक्षक मात्र आपल्याच जिल्ह्याचे लावले.

पण इतका पैसाच नसेल, तर? म्हणून आता फ्लोरिडातून थेट उत्तरेला जाऊ, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हडसन गावात. गाव लहान, त्याचं शाळा मंडळही लहान. पण १९९६ साली त्यानं एका संशोधन संस्थेबरोबर देशाच्या सरकारकडून अनुदान मिळवलं आणि एक झकास युक्ती काढली. शेतकरी सावड करतात, ठाऊक आहे? आज तुम्ही आमच्या शेतात या, उद्या आम्ही तुमच्या. अगदी तस्संच! प्रत्येक शाळेनं आपला एक शिक्षक द्यायचा. त्यानं इंटरनेटवर एक विषय वेगवेगळ्या गावांतल्या मुलांना शिकवायचा. बदल्यात त्या शाळेच्या वीस मुलांना दुसऱ्या शाळांच्या वर्गांत जागा. म्हणजे देणं एका शिक्षकाचं, आणि घेणं? वीस मुलं वीस वेगळे विषयसुद्धा शिकू शकतील! हे शिक्षक आधी स्वतः महिनोन्‌महिने इंटरनेटवर विद्यार्थी होऊन शिकले आणि मग शिकवायला बसले. शिवाय प्रत्येक शाळेत मुलांकडे लक्ष ठेवायला एक माणूस नेमलेला असे. यंत्रावर भिस्त ठेवून कुणी निर्धास्त झालं नाही.

पहिली-दुसरीच्या मुलांचं काय, असं मला पालक विचारतात. इतक्या लहान मुलांना अशा शाळेत घातलं, तर शेजारी मोठं माणूस बसावंच लागतं, आणि ते बहुधा आईच असते. म्हणजे शिक्षकाचं अर्धं काम घरी येतं. ज्या घरी आई सकाळी मजुरीला जाते, तिथे ते कसं जमावं? लहानांना आपली बाक असलेली शाळाच बरी, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांना डबा वाटून खायलाही शिकायचं असतं.

मोठ्या मुलांसाठी मात्र हडसनची सावड माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्याकडेही गावोगाव दोन शिक्षकी शाळा आहेत. जवळच्या काही शाळांचं मिळून एक केंद्र असतं. एका शाळेतल्या सरांचं गणित पंचक्रोशीत नावाजलेलं, दुसरीकडच्या बाई पेटी वाजवून गाणी शिकवणाऱ्या, तिसरीकडे कुणी चित्रकलेत तरबेज. एकमेकांचे असे तास घ्यायला दोन लाख डॉलर नकोत. रेंज हवी, वीज हवी, एक बरा पडदा हवा आणि "आज तुमच्याकडचा गणपत का दिसत नाही?" असं फोन करून विचारणारं कुणीतरी हवं.

समजा, तुमच्या केंद्रात अशी सावड सुरू झाली आणि तुमच्या शाळेला एकच विषय द्यायचा आहे. कोणत्या सरांना किंवा बाईंना पाठवाल? आणि बदल्यात काय शिकायचं मागाल? वर्गात ठरवा आणि मला पत्रानं कळवा. एक अट आहे, सरांना आधी विचारायचं हं!