कर्वे रोड ते कर्दे

वीकएण्डला सिंहगड करून कंटाळलात? मग एकदा दापोलीचा किनारा पायी करा. आम्ही कर्द्याहून हर्णैला निघालो. बॉस, इथे टाइमटेबल समुद्राचं! तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. त्या दिवशी तृतीया, म्हणजे भरती सव्वादोनला आणि ओहोटी सकाळी आठच्या सुमारास. सातलाच चालायला लागलो. ओली वाळू टणक असते, पाय रुतत नाहीत.

मुरूडला मात्र रेंगाळलोच. ज्या कर्वे रोडच्या ट्रॅफिकला आपण रोज शिव्या घालतो, ते महर्षी कर्वे या मुरूडचे. सतरा-अठरा वर्षांचं पोर परीक्षेसाठी इथून सह्याद्री चढून साताऱ्याला पायी गेलं. तिथे काय, तर 'वयाने लहान दिसतोस' म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही! 1958मध्ये भारतरत्न मिळालं, ते ठीक. पण त्या संध्याकाळी साताऱ्यात त्यांना काय वाटलं असेल? अप्रेझलवरून महिनाभर कुढणारी आमची गँग एकदम गप्प.

तोवर पाणी वर सरकलं होतं. वाळू सोडून डांबरी रस्ता धरला. हर्णैला पोचलो तेव्हा समोर सुवर्णदुर्ग आणि बंदरावर मासळीचा लिलाव जोरात.