मिरची राघूची, चटणी आपली

साप्ताहिक स्तंभ : दारातले सोयरे

चैत्र सरत आला की शिरवळपासून पार मिरजेपर्यंत घराघरांच्या गच्च्या लाल दिसू लागतात. वर्षाच्या चटणीसाठी आणलेल्या बेडगी, लवंगी मिरच्या उन्हात पसरलेल्या असतात आणि घरातल्या बायका देठं खुडत बसलेल्या असतात. पडवीत पिंजरा असेल तर त्यांतली एखादी उठते आणि एक मिरची त्याच्या तारांत खोचते. पक्षी ती एका पायात धरतो, साल चिरतो आणि आतल्या बिया एकेक करून खातो. जवळ उभं असलेलं पोर हटकून विचारतं, "याला तिखट नाही का गं लागत, आज्जी?"

नाही लागत. मिरचीतलं कॅप्सेसिन आपल्या चेतातंतूंवरच्या ज्या ग्राहीला जाऊन चिकटतं, ती ग्राही मुळात चटका ओळखण्यासाठी असते. म्हणून तिखट खाल्लं की तोंड भाजल्यासारखं वाटतं. अमेरिकेतले शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली ही ग्राही शोधून काढली. पुढे २००२ मध्ये त्याच प्रयोगशाळेने दाखवलं की कोंबडीच्या अंगातली हीच ग्राही उष्णतेला दाद देते, पण कॅप्सेसिनला देत नाही. ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. ॲरिझोनातल्या रानमिरचीवरच्या अभ्यासातून २००१ मध्ये याची दुसरी बाजू कळली होती. उंदरासारखे प्राणी मिरचीची बी चावून तिचा चुरा करतात, पक्षी फळ गिळतात आणि बी दूरवर टाकतात. तिखटपणा प्राण्यांना हाकलतो आणि पक्ष्यांना वाट मोकळी ठेवतो. पोपट मात्र चोचीने बी फोडूनच खातो, तेव्हा मिरचीच्या झाडाला त्याचा फारसा उपयोग नाही. पण तिखट त्यालाही लागत नाही.

म्हणजे आज्जीचा हात बरोबर होता. एवढंच नाही, ती मिरची पक्ष्याच्या कामाचीही होती. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवलेल्या पोपटाला अ जीवनसत्त्व कमी पडतं. तोंडात पांढरे चट्टे येतात, डोळ्यांभोवती सूज येते, नाक वाहतं. लाल मिरचीत बीटा-कॅरोटीन भरपूर असतं आणि पक्ष्याचं शरीर त्यातून अ जीवनसत्त्व बनवतं. लाल मिरची खाल्ल्यावर विष्ठेला तांबूस छटा येऊ शकते, तेवढ्यावरून लगेच रक्त पडलं असं समजू नये. छटा दुसऱ्या दिवशीही गेली नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

माझी तक्रार यापुढच्या गोष्टीबद्दल आहे. मिरची चालते म्हणून चटणीही चालते, असं आपण धरून चालतो. आपल्या भागात चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला. भाकरीचा तुकडा तिच्यात बुडवून "घे रे विठू" म्हणत पिंजऱ्यात देणारी माणसं मी कितीतरी पाहिली आहेत. सगळी मायेची माणसं. पण त्या चटणीत मिरचीबरोबर वाळवून तळलेला कांदा असतो, लसूण असतो, मीठ असतं, तेल असतं. कांदा आणि लसूण यांतली गंधकाची संयुगं रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. कुत्र्या-मांजरांत हे घडतं आणि पक्ष्यांतही घडतं. वाळवून कुटलेला कांदा ओल्या कांद्यापेक्षा जास्त तीव्र, कारण पाणी उडून जातं आणि बाकी सगळं उरतं.

मिठाचा हिशेब तर साधा आहे. राघूचं वजन १२० ग्रॅमच्या आसपास, बजरिगरचं तीस-चाळीस. साठ किलोच्या माणसाशी तुलना केली तर राघूच्या पोटात गेलेलं एक ग्रॅम मीठ म्हणजे आपल्या पोटात अर्धा किलो. फरसाण, शेव, खारे शेंगदाणे, लोणच्याची फोड हे सगळं याच हिशेबात धरा. चहात बुडवलेलं बिस्कीटही धरा. चहातलं कॅफिन एवढ्याशा हृदयाला झेपत नाही.

मसाल्याच्या बाकीच्या डब्यांचं काय, असं वाचक विचारतात. बडीशेप, जिरे, धने यांचे चार दाणे कधीमधी दिले तर बिघडत नाही. कोथिंबीर आणि शेवग्याचा पाला उत्तम. दालचिनीची काडी पक्षी आवडीने कुरतडतात, पण तिची पूड उडून नाकात जाऊ देऊ नका. जायफळ अजिबात नको. लवंगेचं तेल फार उग्र, तीही डब्यातच राहू द्या.

हळदीवर जरा थांबायला हवं, कारण ती आपल्या घरची. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि हरिपूरची हळदीची पेवं साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. भिजवलेल्या डाळीत चिमटीच्या टोकावर मावेल एवढी हळद पक्ष्याला बाधत नाही. पण ती हळद खरी हवी. रंग उजळ दिसावा म्हणून हळदीत लेड क्रोमेट मिसळल्याचं अनेक तपासण्यांत सापडलेलं आहे, आणि शिसं म्हणजे पोपटासाठी जहर. पाय लटपटतात, झटके येतात. सुट्या पिवळ्याधमक पुडीपेक्षा हळकुंड आणून घरी दळलेलं बरं, आणि हे मी पक्ष्याइतकंच आपल्या पोरांसाठीही म्हणतो. जखमेवर हळद-तेल मात्र लावू नका. तेलाने पिसं चिकटतात आणि पक्षी चोचीने तेच तेल खरवडून पोटात घेतो.

मिरचीही पारखूनच द्यावी. या पिकावर फवारण्या फार होतात, तेव्हा भरपूर पाण्यात धुतलेली किंवा कुंडीतली ओली मिरची सर्वांत चांगली. वाळली मिरची नीट न सुकता कोंदटली की तिला बुरशी धरते, शेंगदाण्यालाही धरते, आणि त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होतं. इंग्लंडमध्ये १९६० साली एक लाखाच्या आसपास टर्की कोंबड्या धडाधड मेल्या, त्या बुरशी आलेल्या शेंगदाणा पेंडीनेच. जी मिरची हुंगल्यावर कुबट वाटते ती पिंजऱ्यातही नको आणि कुटायला डंखावरही नको.

आता स्वयंपाकघर. आपल्याकडे पिंजरा पुष्कळदा तिथेच टांगतात, माणसांची वर्दळ असते म्हणून. पक्ष्याच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात आणि प्रत्येक श्वासात तो हवेतलं बरं-वाईट आपल्यापेक्षा कितीतरी जास्त ओढून घेतो. मसाला भाजताना आपल्याला ठसका लागतो, आपण खिडकीशी जातो. त्याला कॅप्सेसिन झोंबत नसेल, पण धूर तर लागतोच, आणि त्याला उठून जाता येत नाही. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या थरातून निघणारा वायू काही मिनिटांत पक्षी मारतो. त्याला रंग नसतो आणि माणसाला पत्ताही लागत नाही.

एक गोष्ट लिहिताना मला जड जातं, कारण माझ्या मावशीच्या पडवीतही गळ्यात गुलाबी कडं असलेला राघू होता आणि माझं बालपण त्याच्या शिट्टीत गेलं. तो पाळणं बेकायदा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हा राघू त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. आपल्या रानातला कुठलाच पोपट विकत घेता येत नाही, पिंजऱ्यात ठेवता येत नाही. बजरिगर, कॉकटील, लव्हबर्ड हे परदेशी पक्षी पाळता येतात. आफ्रिकन ग्रेसारख्या जातींची २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. घरात राघू असेल तर घाबरून एकदम सोडून देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेल्याला चारा शोधता येत नाही, त्याला कावळे आणि मांजरं सोडत नाहीत. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

आणि पक्षी पिसं फुलवून कोपऱ्यात बसला, खायचं थांबला, तर ओवा-हिंगाचे घरगुती उपाय करत दिवस घालवू नका. पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतो, आपल्याला दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. शिरवळमध्ये क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचं पशुवैद्यक महाविद्यालय आहे. या पट्ट्यातली माणसं गाई-म्हशी घेऊन तिथे जातात. तीस ग्रॅमचा जीव घेऊनही जा, लाजू नका. सोबत त्याने दोन दिवसांत काय खाल्लं ते लिहून न्या, चटणी दिली असेल तर तेही.

या आठवड्यात मिरच्या निवडायला बसाल, तेव्हा घरातल्या पक्ष्यासाठी एक ओली मिरची धुऊन बाजूला ठेवा. आणि मसाला भाजायच्या दिवशी, कढई चुलीवर चढण्याआधी, पिंजरा मागच्या अंगणात सावलीला नेऊन टांगा.