सीमंकी, नागरिक आणि ‘निकाली’ तक्रारी

शासकीय संकेतस्थळ खरोखर सर्वांसाठी आहे की नाही, हे बहुसंख्यांच्या अनुभवावरून कळत नाही. शंभरातले नव्वद लोक जो ब्राउझर वापरतात त्यावर संकेतस्थळ चालतेच. एखादे दिवशी चालले नाही तर दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात बातमी येते आणि तिसऱ्या दिवशी बैठक लागते. परीक्षा होते ती उरलेल्या थोड्यांच्या बाबतीत. म्हणून आज एका अशा ब्राउझरविषयी लिहितो आहे, ज्याचे नावही बहुतेक वाचकांनी ऐकले नसेल. त्याचे नाव सीमंकी. घरच्या संगणकावर मी तो अनेक वर्षे वापरत आलो आहे. त्याचा प्रचार करण्याचा माझा हेतू नाही. मात्र त्याच्या तऱ्हा आणि त्याच्या वापरकर्त्यांना मिळणारे साहाय्य या दोहोंत प्रशासनाने शिकण्यासारखे बरेच काही आहे, असे माझे मत आहे.

प्रथम थोडा इतिहास. नेटस्केप कंपनीने ३१ मार्च १९९८ रोजी आपल्या ब्राउझरची मूळ संहिता सर्वांसाठी खुली केली आणि त्यातून मोझिला प्रकल्प उभा राहिला. त्या काळी ब्राउझर, ई-मेल, पत्त्यांची वही आणि वेबपाने तयार करण्याचे साधन असा सगळा संसार एकाच संचात मिळत असे. पुढे नोव्हेंबर २००४ मध्ये सुटसुटीत फायरफॉक्स आला आणि मार्च २००५ मध्ये मोझिला फाउंडेशनने जाहीर केले की जुन्या संचाच्या नव्या पिढीच्या आवृत्त्या आपण काढणार नाही. ज्यांना तो संच सोडवत नव्हता अशा काही स्वयंसेवकांनी ते काम अंगावर घेतले. त्यांच्या प्रयत्नांतून ३० जानेवारी २००६ रोजी सीमंकीची १.० आवृत्ती बाहेर पडली. आजही तो प्रकल्प मूठभर लोकांच्या श्रमावर चालतो.

अशा ब्राउझरला तऱ्हा असणारच. फायरफॉक्सने विंडोजवर वर्षानुवर्षे आपली मांडणी ‘टूल्स’ या यादीत ठेवली, तर सीमंकीने जुन्या रिवाजाला धरून ती ‘एडिट’ खाली ठेवली. नवा माणूस तिथेच अडखळतो. ब्राउझर आणि टपाल यांचे प्रोफाइल एकच असल्याने ते बिघडले की दोन्ही एकदम बिघडतात, आणि तो एक फोल्डर जपून ठेवला की दोन्ही एकदम वाचतात. २०१७ च्या अखेरीस फायरफॉक्सने आपल्या जुन्या धाटणीच्या पूरक आज्ञावल्या मोडीत काढल्या. सीमंकीला तो वेग झेपला नाही. २०२० मध्ये सुरू झालेली त्याची २.५३ ही मालिका मूलतः फायरफॉक्सच्या २०१७ सालच्या इंजिनावर उभी आहे आणि नंतरच्या सुधारणा व सुरक्षेच्या दुरुस्त्या तिच्यात मागाहून बसवल्या जातात. परिणामी आजची कित्येक संकेतस्थळे त्यावर अर्धवट उमटतात.

या सगळ्यांत एक तऱ्हा मला विशेष बोलकी वाटते. सीमंकीच्या मांडणीत एक प्रश्न असतो: संकेतस्थळाला स्वतःची ओळख काय सांगावी? पर्याय तीन. ‘मी सीमंकी’, ‘मी फायरफॉक्स’, किंवा ‘मी सीमंकी, पण फायरफॉक्सशी सुसंगत’. प्रत्येक ब्राउझर संकेतस्थळापाशी गेला की आपली नाममुद्रा दाखवतो, आणि अनेक संकेतस्थळे ती वाचूनच कोणाला आत घ्यायचे ते ठरवतात. मला स्वतःला एका शासकीय अर्जाच्या वेळी हा अनुभव आला. सीमंकीने खरे नाव सांगितले तेव्हा ‘आपला ब्राउझर चालणार नाही’ अशी पाटी आली. मांडणीत जाऊन मी त्याला फायरफॉक्सचे नाव दिले. तोच अर्ज, त्याच यंत्रावर, शेवटच्या पावतीपर्यंत विनातक्रार भरला गेला. तांत्रिक अडचण कोणतीच नव्हती. अडचण होती ती केवळ नावाची.

नाव बदलून आत शिरण्याची ही प्रथा जुनी आहे. नेटस्केप आपले नाव ‘मोझिला’ असे सांगे. काही संकेतस्थळे ते नाव पाहूनच चांगली पाने देत, म्हणून इंटरनेट एक्सप्लोररनेही ‘मोझिला, सुसंगत’ असे सांगायला प्रारंभ केला. मग गेकोसारखे दिसणारे, सफारीसारखे दिसणारे असे एकेक बिरुद जोडले जाऊन आज क्रोमसुद्धा आपल्या नाममुद्रेच्या आरंभी ‘मोझिला’ असेच लिहितो. दारावरचा पहारेकरी चुकीचा प्रश्न विचारू लागला की सगळेच खोटे उत्तर पाठ करतात. शिधापत्रिका आणि उत्पन्नाचे दाखले हाताळलेल्या कोणाही अधिकाऱ्याला हे वेगळे सांगावे लागणार नाही.

महाराष्ट्राबाहेर राहून महाजालावर मराठी वाचणाऱ्यांना या प्रश्नाची झळ पूर्वीच लागलेली आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी अनेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापल्या टंकांत असत आणि तो टंक एखाद्याच ब्राउझरवर नीट उमटे. युनिकोड आल्यावरही विंडोज एक्सपीवर देवनागरीसाठी वेगळी सोय चालू करावी लागे. फायरफॉक्स २ आणि त्याच इंजिनावरचा सीमंकी १.१ यांत तर आणखी एक गंमत होती. मजकूर दोन्ही बाजूंनी समास जुळवून मांडला असेल तर काने-मात्रे अक्षरांपासून सुटून इतस्ततः पडत. २००८ मध्ये फायरफॉक्स ३ चे नवे इंजिन आले तेव्हा हा दोष गेला. सीमंकीला ते २००९ च्या २.० आवृत्तीत मिळाले. तोवर ‘मजकूर डावीकडेच जुळवा’ हा उपाय मराठी लिहिणाऱ्यांनी एकमेकांना सांगितला. इंग्रजी वाचणाऱ्याला हा दोष कधी दिसलाच नाही. अल्पसंख्य असणे म्हणजे काय, ते आपण अशा वेळी शिकलो. आपल्या अडचणीचे अस्तित्वच आधी सिद्ध करावे लागते.

आता अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या नजरेने पाहू. ‘दुसरा ब्राउझर वापरा’ हे उत्तर देणाऱ्या कार्यालयाला ते फुकट पडते. त्याचा खर्च नागरिकाच्या खात्यावर जातो. समजा, एका सेवेचे एक कोटी वापरकर्ते आहेत आणि त्यांतल्या एक टक्क्याला ही पाटी दिसते. म्हणजे एक लाख माणसे. प्रत्येकाचा अर्धा तास गेला तर पन्नास हजार तास होतात. आठ तासांचा दिवस धरला तर सहा हजार अडीचशे मनुष्यदिवस, म्हणजे पंचवीस माणसांचे वर्षभराचे काम. दुरुस्तीला मात्र एका जाणत्या कर्मचाऱ्याचे काही दिवस पुरले असते. हा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, कारण नागरिकाच्या वेळेचे लेखाशीर्ष आपल्याकडे नाही. सायबर कॅफेत किंवा सेवा केंद्रात जाऊन पैसे मोजून अर्ज भरणाऱ्याचा खर्च तर त्याहून निराळा.

शासनानेच एका उत्पादनाला मक्ता दिला तर काय होते, याचे उदाहरण दक्षिण कोरियाचे आहे. तेथे नव्वदीच्या दशकाच्या शेवटी देशी कूटलेखन आणि अधिकृत डिजिटल प्रमाणपत्र यांची व्यवस्था उभी राहिली. हेतू सुरक्षेचाच होता. पण ती व्यवहारात इंटरनेट एक्सप्लोररच्या ॲक्टिव्हएक्स तंत्रावर बेतली गेली. त्यामुळे बँकेचा व्यवहार असो वा शासकीय काम, वर्षानुवर्षे दुसऱ्या ब्राउझरला वाव राहिला नाही. त्या प्रमाणपत्राचे विशेष स्थान कायद्याने संपायला डिसेंबर २०२० उजाडावा लागला. आणि इंटरनेट एक्सप्लोरर ११ ला तर त्याच्या निर्मात्या कंपनीनेच १५ जून २०२२ रोजी निवृत्त केले. उत्पादने जातात, कार्यालये मागे राहतात.

इथवर दाराची गोष्ट झाली. आता दाराआडच्या साहाय्याची. सीमंकीला पगारी साहाय्यकक्ष नाही. वापरकर्त्याने अडचण मांडली की जुने जाणते विचारतात: आवृत्ती कोणती? पूरक आज्ञावल्या बंद करून पाहिले का? नव्या, कोऱ्या प्रोफाइलमध्येही हेच होते का? या तीन प्रश्नांत दोष कुठला, याची बरीचशी छाननी होते. दोष ब्राउझरचाच ठरला तर तो बगझिला या सार्वजनिक नोंदवहीत क्रमांकासह नोंदला जातो. सुरक्षेच्या काही नाजूक नोंदी सोडल्या तर ती वही कोणीही उघडून पाहू शकतो.

मला या वहीतले सर्वांत मोलाचे वाटतात ते तक्रार बंद करतानाचे शब्द. नुसते ‘निकाली’ असे तेथे लिहिता येत नाही. कारण निवडावे लागते: दुरुस्त केले, तक्रार ग्राह्य नाही, दुबार नोंद, मूळ क्रमांक अमुक, आमच्याकडे नीट चालते, माहिती अपुरी, आणि सर्वांत प्रामाणिक म्हणजे, दोष आहे पण आम्ही दुरुस्त करणार नाही. शेवटचे उत्तर कोणाला आवडत नाही. पण ते ऐकणाऱ्याला वाट पाहणे थांबवता येते आणि दुसरा मार्ग शोधता येतो.

आपल्याकडे केंद्र शासनाची सीपीग्राम्स ही तक्रार निवारण प्रणाली २००७ पासून आहे. तिने बरेच साधले आहे, हे मी आतून पाहिले आहे. निवारणाची मुदत साठ दिवसांवरून टप्प्याटप्प्याने खाली आली आणि ऑगस्ट २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी ती एकवीस दिवस केली. तक्रारदाराला स्थिती पाहता येते, असमाधान असेल तर अपीलही करता येते. पण शेजाऱ्याने हीच तक्रार केली होती का आणि तिचे काय झाले, हे त्याला कळत नाही. आढावा बैठकीच्या तक्त्यात निवारणाची टक्केवारी असते. किती तक्रारींत मूळ दोष दुरुस्त झाला आणि किती तक्रारी ‘दुसऱ्या ब्राउझरवर प्रयत्न करावा’ असे सांगून मिटवल्या, हे वेगळे दाखवणारा स्तंभ मी ज्या बैठकांना बसलो त्यांतल्या तक्त्यांत मला दिसलेला नाही. मुदत आक्रसली आणि कारणाचा स्तंभ नसला, की फाइल लवकर मिटवण्याकडेच कल जाणार. त्यात कोणाची लबाडी असतेच असे नाही. आपण जे मोजतो तेच वाढते.

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की प्रत्येक लहानसहान ब्राउझरवर चाचणी घेणे शासनाला परवडणार नाही. हे मान्य. पण चाचणी न घेणे आणि प्रवेश नाकारणे यांत अंतर आहे. ‘या ब्राउझरवर आम्ही तपासणी केलेली नाही, अडचण आल्यास कळवा’ अशी सूचना देऊन पुढे जाऊ देता येते. दुसरा आक्षेप सुरक्षेचा. जुन्या इंजिनावरच्या ब्राउझरने पैशाचे व्यवहार करू देणे धोक्याचे असू शकते, आणि सीमंकीच्या बाबतीत ही शंका अगदीच निराधार नाही. पण मग अट सुरक्षेची घालावी. जोडणी अमुक प्रतीच्या कूटलेखनाने झाली पाहिजे, असे सर्व्हरने सांगावे. नाव पाहून नाकारल्याने सुरक्षा वाढत नाही, कारण नाव तर कोणीही बदलू शकतो.

करायचे काय, याविषयी माझ्या सूचना थोडक्यात अशा:

१. निविदेत ब्राउझरचे नाव न लिहिता खुल्या मानकांचे नाव लिहावे. ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण नोव्हेंबर २०१० पासून आहेच.

२. शासकीय संकेतस्थळांच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांतच अनेक ब्राउझरांवर चाचणी घेण्याची अपेक्षा होती. त्या चाचणीचा अहवाल संकेतस्थळावर तारखेसह प्रसिद्ध व्हावा.

३. नाममुद्रा पाहून दार बंद करण्यास मनाई असावी. इशारा चालेल, अटकाव नको.

४. तांत्रिक तक्रारींची नोंदवही, तक्रारदाराचे नाव-गाव गाळून, सर्वांना पाहता यावी. आणि तक्रार बंद करताना कारण निवडणे सक्तीचे असावे. त्यात ‘दोष आहे, दुरुस्त करणार नाही’ हे उत्तरही असावे आणि त्याखाली निर्णय घेणाऱ्याचे पदनाम असावे.

चौथी सूचना सहकाऱ्यांना सर्वाधिक खटकेल, याची मला कल्पना आहे. लेखी नकार देण्यापेक्षा मोघम होकार देणे आपल्या सेवेत सोयीचे मानले जाते. पण नागरिकाचा वेळ वाचतो तो स्पष्ट उत्तराने.

हे सर्व आज लिहिण्याचे एक निमित्त आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र शासनाने देशी ब्राउझर घडवण्याची स्पर्धा जाहीर केली. भारतीय मूळ प्रमाणपत्रासह स्वतःचे विश्वासभांडार आणि ब्राउझरमधूनच डिजिटल स्वाक्षरीची सोय या तिच्यातल्या अपेक्षा होत्या. मार्च २०२५ मध्ये निकाल लागला आणि झोहो कंपनी पहिली आली. उपक्रम चांगला आहे. पण ब्राउझर घडवायला बक्षीस पुरते; तो टिकायला वर्षानुवर्षे उत्तरे देणारी माणसे लागतात, आणि त्याला खऱ्या नावानिशी आत घेणारी संकेतस्थळे लागतात. देशी ब्राउझरवरून अर्ज भरायला बसणारा पहिला नागरिक संख्येने अल्पच असणार. त्याला आपल्याच एखाद्या विभागाच्या पानावर ‘कृपया दुसरा ब्राउझर वापरा’ ही पाटी दिसू नये, याची तजवीज आतापासून करायला हवी. ती सीमंकीसाठी केली तर त्याच्यासाठी आपोआप होईल.