कुंडी कुणाची, बक्षीस कुणाला?

मंडळी, आमच्या भागातल्या बागप्रेमी मंडळात सध्या एक वाद चांगलाच रंगलाय. यंदाची सगळी वर्गणी कुंड्यांच्या स्पर्धेवर खर्च करायची आणि पावसाळ्यातली रोपांची देवाणघेवाण अन् पालापाचोळ्याचं खत हे दोन 'किरकोळ' उपक्रम बंद करायचे, असा काहींचा आग्रह आहे. मला हे मुळीच पटत नाही.

स्पर्धांना माझा विरोध नाही हं. पुण्याचं एम्प्रेस गार्डन सांभाळणारी अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी १८३० सालची. त्यांचं जानेवारीतलं पुष्पप्रदर्शन मी सहसा चुकवत नाही. पण आमच्या गल्लीतल्या स्पर्धेत काय होतं? आठ दिवस आधी रोपवाटिकेतून फुललेली शेवंती आणायची, कुंडीला गेरू फासायचा की झालं! शाळेत दुसऱ्याकडून लिहून आणलेल्या निबंधाला मी कधी गुण दिले नाहीत, इथे का द्यावेत?

देवाणघेवाणीचं मात्र तसं नाही. जुलैत मोगरा, जास्वंद, अनंत यांच्या फांद्या लावल्या की बहुतेक जगतात, म्हणून तो दिवस तेव्हा. पैशांचा प्रश्नच नाही. शेजारच्या इमारतीतले एक काका पत्नी गेल्यापासून कुणाशी बोलत नव्हते. काकूंच्या हातचं ब्रह्मकमळ त्यांच्या गॅलरीत होतं. (हे आपलं घरोघरचं ब्रह्मकमळ म्हणजे मध्य अमेरिकेकडून आलेलं निवडुंगाच्या कुळातलं झाड, हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळंच! असो.) त्याचं पान मातीत खोचलं की मुळं फुटतात. काकांनी अशी बारा रोपं करून आणली आणि प्रत्येकाला पाणी किती घालायचं ते समजावत दोन तास उभे राहिले. आता सांगा, हे किरकोळ?

खताचंही तेच. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ झाली की रस्त्याच्या कडेला पाला पेटवला जातो. कायद्याने बंदी आहे, तरी धूर येतोच आणि दम्याच्या माणसांचे हाल होतात. आम्ही चार बांबू रोवून जाळीचा एक पिंजरा केला. त्यात सुक्या पाल्याचा थर, वर भाजीची देठं-सालं, मूठभर शेणखत. ओलावा इतकाच की मूठ दाबली तर हाताला ओल लागावी, पाणी गळू नये. पंधरा दिवसांनी खालीवर करायचं. नुसता ओला कचरा टाकला तर घाण वास येतो, नुसता पाला टाकला तर तो महिनोन्‌महिने तसाच राहतो, दोन्ही हवेत. तीन-चार महिन्यांत काळंभोर खत तयार! पुण्याचा कचरा आपल्या दारात नको म्हणून उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी किती वर्षं आंदोलनं केली, ते आपण वाचलेलं आहेच. आपल्या झाडाचं पान आपल्याच आवारात जिरावं, एवढं तर मंडळाला जमायला हवं.

स्पर्धा ठेवायचीच तर नियम बदला. कुंडी किमान सहा महिने घरात वाढलेली असावी आणि फुलाइतकेच गुण घरच्या खताला आणि वाटलेल्या रोपांना द्यावेत. यावर एका सभासदाने विचारलं, "हे मोजणार कोण?" मी म्हटलं, "मी मोजते. छत्तीस वर्षं पेपर तपासलेत!"

येत्या रविवारी सभा आहे. निकाल कळवीनच. आणि हो, कुणाकडे गावठी गुलाबाच्या फांद्या असतील तर सांगा, काकांना हव्या आहेत.