पदवीचे प्रमाणीकरण की परस्परविश्वास?

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात मराठवाड्यातून एक विद्यार्थिनी आली. बी.ए.ची दोन वर्षे तिने तिकडच्या विद्यापीठात पूर्ण केलेली. लग्न होऊन ती आमच्या गावी आली होती आणि तिला तिसऱ्या वर्षाला मराठी घ्यायचे होते. तिच्याजवळ स्थलांतर प्रमाणपत्र होते, गुणपत्रिका होत्या, पात्रतेचा अर्जही भरलेला होता. अडले ते एका अभ्यासपत्रिकेपाशी. दुसऱ्या वर्षी ती ग्रामीण साहित्य शिकली होती, आमच्याकडे त्या जागी मध्ययुगीन वाङ्मय होते. विषयशिक्षक म्हणून अभिप्रायासाठी कागद आमच्यापुढे आला. आम्ही दोन्ही अभ्यासक्रमांची शीर्षके शेजारी शेजारी ठेवून पाहिली आणि 'समकक्ष नाही' असे लिहून सही केली. दुसरे वर्ष पुन्हा करणे तिला शक्य नव्हते. ती परत आली नाही.

आमचे लिहिणे नियमाला धरून होते. तरीही ते चुकीचे होते, असे आज आम्हांला वाटते. आणि पदव्यांच्या प्रमाणीकरणाची एवढी चर्चा चालू असताना ही चूक नेमकी कसली होती, हे तपासणे आम्हांला अगत्याचे वाटते.

समकक्षतेची आपली कल्पना फार जुनी आहे. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे निघाली ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. शिकवायचे महाविद्यालयांनी, परीक्षा घ्यायची विद्यापीठाने, अशी ती वाटणी होती. तेव्हापासून 'समान पदवी' म्हणजे 'समान प्रश्नपत्रिका' हे समीकरण आपल्या हाडीमाशी खिळले. एका विद्यापीठाच्या कक्षेत त्याने काम भागले. पण महाराष्ट्रात एकेक करून विद्यापीठे वाढत गेली, प्रत्येकाचे अभ्यासमंडळ वेगळे झाले, आणि दुसऱ्याची प्रश्नपत्रिका ती आपली नव्हे एवढ्याच कारणाने संशयास्पद ठरू लागली. पात्रता विभाग हा त्या संशयाचा कचेरीतला अवतार होय.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने या जुन्या समीकरणाच्या जागी नवे समीकरण मांडले आहे. २०२१ मध्ये अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे विनियम आले. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक त्याच्या खात्यात जमा व्हावेत, कमाल ७ वर्षे टिकावेत आणि दुसऱ्या संस्थेत वापरता यावेत, अशी ही योजना आहे. वर्षाला किमान ४० श्रेयांक. ३ वर्षांचे १२० झाले की पदवी, ४ वर्षांचे १६० झाले की ऑनर्स. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात ४० श्रेयांकांमागे १२०० तासांचे अध्ययन धरले आहे. म्हणजे समानता आता प्रश्नपत्रिकेची राहिली नाही, ती तासांची झाली.

हे पाऊल पुढचे आहे, हे आम्ही मान्य करतो. पण तास मोजल्याने विश्वास निर्माण होत नाही. युरोपचा अनुभव या बाबतीत उद्बोधक आहे. १९९९ मध्ये २९ देशांच्या मंत्र्यांनी बोलोन्या येथे जाहीरनाम्यावर सह्या केल्या आणि पदव्यांची रचना परस्परांना कळेल अशी करण्याचे ठरवले. तिथे वर्षाचे श्रेयांक ६०, आपल्याकडे ४०. आकडा हा केवळ संकेत असतो, हे एवढ्यावरूनही दिसते. पुढे जर्मनीत जुन्या 'डिप्लोम' आणि 'मागिस्टर' या पदव्यांच्या जागी बॅचलर-मास्टर ही रचना आली. आणि २००९ मध्ये जर्मनी-ऑस्ट्रियातील विद्यार्थी सभागृहे ताब्यात घेऊन बसले. त्यांची एक तक्रार अशी होती, की तीन वर्षांत इतके कोंबले आहे की परगावी सत्र घालवायला उसंतच उरत नाही. मोकळ्या संचारासाठी केलेली रचनाच संचाराच्या आड येते, असे त्यांचे म्हणणे होते.

तरीही युरोपकडून घेण्यासारखी एक गोष्ट आहे, आणि ती बोलोन्याच्याही आधीची आहे. १९९७ च्या लिस्बन करारात पदवी-मान्यतेचे एक साधे तत्त्व आहे. बाहेरचे शिक्षण मान्य करायचे, हा नियम. ते आपल्या शिक्षणाहून मूलतः वेगळे आहे असे दाखवता आले तरच नाकारायचे, हा अपवाद. दाखवण्याची जबाबदारी नाकारणाऱ्या संस्थेची. तिने कारण द्यावे, वाजवी मुदतीत द्यावे, आणि अर्जदाराला दाद मागता यावी.

आपल्याकडच्या प्रथेत हे सगळे नेमके उलट आहे. आपण समकक्ष आहोत हे विद्यार्थ्याने सिद्ध करायचे, आणि तेही ज्या कागदांनी सिद्ध व्हायचे ते कागद देणारी कचेरी दोनशे मैलांवर असताना. श्रेयांकांची पेढी उघडली म्हणून ही प्रथा आपोआप पालटणार नाही. पेढीतले नाणे समोरच्या दुकानदाराने घेतले तरच ते नाणे.

यावर एक सोपा तोडगा नेहमी सुचवला जातो : सर्व विद्यापीठांचा अभ्यासक्रम एकच करावा, म्हणजे प्रश्नच मिटेल. साहित्याचे अध्यापक म्हणून आमचा याला स्पष्ट विरोध आहे. विदर्भात महानुभाव गद्याला अधिक जागा मिळावी, जळगावकडे बहिणाबाई चौधरींच्या बोलीसह त्यांची कविता शिकवली जावी, कोकणात आणि गोव्यात तिथल्या लेखकांना आधी वाचावे, यात गैर काही नाही. किंबहुना मराठीचा अभ्यास जिवंत राहतो तो यामुळेच. संचारासाठी ही विविधता पुसणे म्हणजे प्रवास सोपा व्हावा म्हणून सगळी गावे सारखी करण्यासारखे आहे. मग प्रवास तरी कशाला करायचा?

दोन अभ्यासक्रमांची तुलना ग्रंथांच्या याद्यांनी करायची नसते. बी.ए.च्या दोन वर्षांनंतर विद्यार्थ्याला काय यावे? अपरिचित कविता स्वतःच्या बळावर वाचता यावी, कथेतील निवेदकाचा पवित्रा ओळखता यावा, आपले म्हणणे चार पानांत सुसंगत मांडता यावे. हे ग्रामीण कादंबरीवरूनही शिकता येते आणि 'लीळाचरित्रा'वरूनही. त्या मुलीला हे येत होते का, हे आम्ही विचारलेच नाही. अर्धा तास बोललो असतो तरी कळले असते. मध्ययुगीन वाङ्मयाची उणीव एका सत्राच्या पूरक वाचनाने भरून काढता आली असती.

आणि संचार करतो कोण, हेही पाहिले पाहिजे. धोरणाच्या दस्तऐवजातला विद्यार्थी हौसेने संस्था निवडतो. आमच्या वर्गातली मुलगी लग्न झाले म्हणून गाव बदलते, मुलगा बापाचे काम सुटले म्हणून शहर गाठतो. एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची नवी सोय अशांसाठी आहे असे सांगतात. परतीचा दरवाजा खरोखर उघडा असेल तरच ती सोय. नाहीतर ती शिक्षणातल्या गळतीला दिलेले देखणे नाव ठरेल.

म्हणून आमचे मागणे मोजके आहे. श्रेयांक प्रथमतः मान्य धरावेत. नाकारायचे तर विषयशिक्षकाने, विद्यार्थ्याशी बोलून, कारणे लिहून, ठरलेल्या मुदतीत नाकारावेत. उणीव असेल तर वर्ष बुडवण्याऐवजी पूरक अभ्यास द्यावा. यासाठी नवे संगणकीय खाते लागत नाही. दुसऱ्या गावातल्या मराठीच्या शिक्षकानेही मनापासून शिकवले असेल, एवढे गृहीत धरण्याची तयारी लागते. ती आमच्यापाशी त्या दिवशी नव्हती.