आत्महत्या प्रतिबंध : संशोधनाला हवी दात्यांची दीर्घ साथ

नवी दिल्ली : राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १ लाख ७० हजार ९२४ जणांनी आत्महत्या केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय धोरणात २०३० पर्यंत हे मृत्यू १० टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी कोणता उपाय खरोखर लागू पडतो, हे संशोधनच सांगू शकते.

येथे धर्मादाय निधीचे महत्त्व दिसते. नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात परदेशी अनुदानावर सुरू झालेला ‘आत्मीयता’ हा पुण्यातील संस्थेचा उपक्रम पुढे गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यात विस्तारला. प्रशिक्षित गावकरी नैराश्यग्रस्तांना आधार देतात. त्याची परिणामकारकता शास्त्रीय चाचणीने तपासली गेली.

अशा चाचण्यांना वर्षे लागतात. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतील बहुवर्षीय प्रकल्पांना मात्र प्रारंभीचे वर्ष वगळता ३ वर्षांचीच मर्यादा आहे. परिणामी, लगेच दाखवता येणाऱ्या कामांकडे निधी वळण्याची शक्यता अधिक. हे कालगणित बदलले नाही, तर धोरणाचे उद्दिष्ट कागदावरच राहण्याचा धोका आहे.

(मानसिक आधारासाठी ‘टेली-मानस’ : १४४१६)