फराळाचा पहिला घाणा तळण्याआधी हा चिकटा काढा!

उठा. ओट्यापाशी जा. चिमणी बंद करून तिच्या जाळीवरून एकदा बोट फिरवा. ओव्हन असेल, तर त्याचं दार उघडा आणि तळाचा ट्रे बाहेर ओढा. काय लागलं बोटाला? पिवळट, मेणचट, धुळीनं काळवंडलेला चिकटा. वर्षभराच्या फोडण्या, भजी आणि पुऱ्या तिथं जाऊन बसल्या आहेत. दिवाळी तोंडावर आली आहे. चार-आठ दिवसांत याच शेगडीवर मोठी कढई चढेल. चकल्या, शेव, करंज्या, शंकरपाळ्या तळताना तासन्‌तास तेल तापेल. त्याआधी हा चिकटा निघालाच पाहिजे. तुम्ही तो काढू शकता, आणि त्यासाठी लागणारं सामान तुमच्या घरात आजच आहे.

हा चिकटा नुसता दिसायला वाईट आहे असं समजू नका. तेल कढईत असो वा जाळीत, ते जळतंच. कढईतलं तेल फार तापलं की आधी धूर सोडतं. तरीही आच कमी केली नाही, तर ठिणगी न पडताही ते आपोआप पेट घेतं. ज्वाळा उठते, आणि वर चिमणी चालू असेल तर ती ज्वाळा वर खेचली जाते. वर काय आहे? तेल पिऊन बसलेली धूळ. पणतीतल्या वातीला जे जमतं, ते या जाळीलाही जमतं. जाळीच्या मागे धूर बाहेर नेणारी नळी असते. तीही आतून तेलकट असते. आग एकदा त्या नळीत शिरली की ती ओट्यापुरती राहत नाही.

म्हणून पहिलं काम जाळीचं. चिमणीचं बटण बंद करा, प्लगही काढा. जाळ्या उतरवा. मोठ्या टबात किंवा बादलीत कढत पाणी घ्या. भांडी घासायचं लिक्विड आणि तीन-चार मोठे चमचे खायचा सोडा टाका. जाळ्या अर्धा तास बुडवून ठेवा, मग जुन्या टूथब्रशनं घासा. जाळी स्टीलची असेल आणि चिकटा फारच हट्टी असेल, तर धुण्याचा सोडा वापरा, पण हातमोजे घालून. जाळी ॲल्युमिनियमची असेल, तर धुण्याच्या सोड्याच्या वाटेला जाऊ नका. ती काळी पडते आणि खाल्ली जाते. ‘ऑटो क्लीन’ चिमणी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तिच्याखालची तेलाची वाटी काढून पाहा. भरली असेल, तर आजच रिकामी करा. आणि एक्झॉस्ट पंखा पुसायला आईला किंवा आजीला स्टुलावर चढू देऊ नका. घरात जो धडधाकट आहे, त्यानं चढावं. पंख्याचा वीजपुरवठा बंद करावा. पाती पिळलेल्या फडक्यानं पुसावीत, मोटरवर पाणी जाऊ देऊ नये.

आता शेगडी पेटवा आणि ज्योतीचा रंग पाहा. ज्योत निळी असेल, तर ठीक. पिवळी, लांबुळकी, फडफडणारी असेल आणि भांड्यांची बुडं काळी होत असतील, तर बर्नरची भोकं उतू गेलेल्या दुधानं आणि तेलानं बुजली आहेत. गॅसला पुरेशी हवा मिळत नाही. अशा अर्धवट जळण्यातून काजळी निघते आणि कार्बन मोनॉक्साइड वायूही निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. ज्योत हलू नये म्हणून तुम्ही खिडकी लावून घेता आणि तासन्‌तास शेगडीपाशी उभ्या राहता. डोकं जड होतं, गरगरतं. ‘तळणाचा त्रास झाला’ म्हणून तुम्ही तो अंगावर काढता. काढू नका.

रेग्युलेटर बंद करा. शेगडी थंड होऊ द्या. बर्नरच्या टोप्या काढून साबणाच्या कढत पाण्यात भिजत घाला. पितळी टोप्यांना चिंचेचा कोळ आणि मीठ लावा, जसं देवाच्या भांड्यांना लावता तसंच. प्रत्येक भोकात सुई किंवा पिन घालून ते मोकळं करा. काडेपेटीची काडी घालू नका, ती आतच मोडते. टोप्या उलट्या करून आपटा, धुवा आणि पूर्ण कोरड्या करा. मगच जागेवर नीट बसवा. पुन्हा पेटवून पाहा. ज्योत निळी झाली ना? मग खिडकी उघडी ठेवून तळायला बसा.

ओव्हनकडे मात्र घरोघरी दुर्लक्ष होतं. हल्ली नानकटाई घरीच होते. केक होतो, पिझ्झा होतो. गोव्याकडे नाताळात बेबिंकाचे थर भाजले जातात. दर वेळी थोडं तूप निथळतं, थोडं चीज सांडतं, चुरा तळाशी पडतो. वरखालच्या तापून लाल होणाऱ्या कांड्या त्या चुऱ्यापासून बोटभर अंतरावर असतात. आधी जळका वास येतो. मग धूर येतो. एखाद्या दिवशी आतच ज्वाळा दिसते, आणि शेजारी उभं राहून केकची वाट पाहणारं पोर घरातलंच असतं.

तेव्हा आज रात्री जेवणं झाली की हे करा. ओव्हनचा प्लग काढा आणि तो पूर्ण थंड होऊ द्या. जाळी आणि ट्रे बाहेर काढा. खरकटं, चुरा कोरड्या ब्रशनं झाडून घ्या. अर्धी वाटी खायचा सोडा घ्या आणि त्यात चमचा-चमचा पाणी घालत थापता येईल असा दाटसर लेप करा. तो आतल्या भिंतींना, तळाला आणि दाराच्या काचेला लावा. तापणाऱ्या कांड्यांना लावू नका, पंख्याच्या फटीतही जाऊ देऊ नका. रात्रभर तसाच राहू द्या. सोडा क्षारधर्मी आहे. तो तेलकट थर सैल करतो, आणि ही किमया घासण्याच्या जोरानं नाही, वेळानं साधते. सकाळी ओल्या फडक्यानं लेप पुसून काढा. पांढरे डाग उरले, तर फडक्यावर थोडं पांढरं व्हिनेगर किंवा लिंबाचं पाणी घेऊन पुसा. फसफसेल, घाबरू नका. शेवटी साध्या पाण्याच्या फडक्यानं दोनदा पुसा आणि दार उघडं ठेवून आतला भाग खडखडीत वाळू द्या. आतून तारेची घासणी वापरू नका. तिचे तुकडे कांड्यांपाशी अडकतात. तळाला फॉइलही अंथरू नका. उष्णता अडते आणि ओव्हन बिघडतो.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. सोडा आणि व्हिनेगर आधीच एकत्र कालवून बाटलीत भरू नका. दोघं एकमेकांचा जोर मारतात आणि हाती उरतं खारट पाणी. आधी सोडा, मग पुसणं, मग व्हिनेगर. हाच क्रम ठेवा.

परदेशात असलेल्या लेकी-सुनांना, मुला-जावयांना हे आवर्जून कळवा. तिकडच्या मोठ्या ओव्हनला स्वतःच साफ होण्याची सोय असते. ते बटण दाबलं की आतलं तापमान सुमारे ४८० अंश सेल्सिअसपर्यंत जातं आणि घाण जळून राख होते. पण आत तुपाचं थारोळं असेल, तर तेच पेटतं. आधी हातानं पुसा, मगच बटण दाबा. घरात पाळलेला पक्षी असेल, तर त्याला आधी दुसरीकडे हलवा. तो धूर पक्ष्यांना सोसत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चिकटा निघत नाही म्हणून चिडून दोन बाटल्या एकत्र ओतू नका. दिवाळीच्या सफाईत हेच घडतं. ब्लीच आहे, शेजारी संडासचं ॲसिड आहे, दोन्ही ओतलं तर लख्ख होईल असं वाटतं. होत नाही. ब्लीचमध्ये ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगरही ॲसिडच आहे, तेही ब्लीचमध्ये नको. डोळे झोंबतात, घसा आवळतो, श्वास कोंडतो. बंद न्हाणीघरात किंवा छोट्या स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो. तसा वास आला तर नळ सोडत बसू नका. दार उघडा, सगळ्यांना घेऊन मोकळ्या हवेत या.

आणि बाजारातलं तेज क्लीनर किंवा ॲसिड कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवू नका. आज भरलेलं असेल, तर आजच त्याची विल्हेवाट लावा. तहानलेल्या पोराला बाटली ओळखीची वाटते, आतलं काय ते कळत नाही. कुणी प्यायलंच, तर उलटी करायला लावू नका. बाटली सोबत घ्या आणि थेट दवाखाना गाठा.

ओट्याखाली वाका. चिकट्याच्या वासानं झुरळं येतात आणि उंदीरही येतात. उंदराच्या दाताला गॅसची नळी चालते. तिथंच तुमचा १४.२ किलोचा सिलिंडर आहे. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, जमिनीलगत साचतो. तिथंच तुमचं रांगतं बाळ असतं.

नळी साबणाच्या फडक्यानं पुसा आणि बोटांनी चाचपा. भेग दिसली, कडक झाली असेल, दात लागले असतील, तर बदला. वरून चांगली दिसली, तरी पाच वर्षांनी बदला. जोडांवर साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले म्हणजे गॅस गळतो आहे. काडी पेटवून कधीही पाहू नका. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका, बाहेर जा आणि १९०६ ला फोन करा. घरी पाइपनं गॅस येत असेल, तर बिलावर कंपनीचा तातडीचा क्रमांक असतो. तो आजच लिहून ठेवा.

इतकं करूनही कढई पेटली तर? पाणी ओतू नका. कुणालाही ओतू देऊ नका. पाण्याची क्षणात वाफ होते, ती पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा मागते आणि पेटतं तेल घरभर उडवते. कढई उचलून मोरीकडे पळू नका. गॅस बंद करा. हात पोचत असेल, तर चिमणीही बंद करा. बाजूनं झाकण किंवा परात सरकवून कढई झाका आणि गार होईपर्यंत उघडू नका. पीठ, बेसन टाकू नका, तेही भडकतं. ओव्हनमध्ये पेटलं, तर दार उघडू नका. प्लग काढा, हवा न मिळाल्यानं आग विझते. आटोक्यात येत नसेल, तर सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. हे आज घरातल्या प्रत्येकाला सांगा. पोरांनाही सांगा, आजीलाही सांगा. तळताना जवळ एक मोठं झाकण ठेवा. कढईत निम्म्याहून अधिक तेल घालू नका. पदर खोचा, अंगावर सुती कपडे घाला. आणि दारची बेल वाजली, तर आधी गॅस बंद करा.

हे सगळं काम एकट्या बाईवर टाकू नका. भाजणी तिनं दळून आणायची, चकल्या तिनं पाडायच्या, रात्री अकरा वाजता चिमणीही तिनंच घासायची, हे बरोबर नाही हे तुम्हालाही माहीत आहे. चकली सगळे खातात. मग वाटणी करा. जाळ्या बाबांनी घासाव्यात. बर्नरची भोकं मुलानं मोकळी करावीत. ओव्हनला लेप मुलीनं लावावा. नळी आजोबांनी चाचपावी. आईनं बसून फक्त सांगावं.

तुमच्या इमारतीत, चाळीत, वाडीत कुणी ऑर्डरचा फराळ करत असेल, तर त्यांच्याकडे नक्की जा. छोट्या खोलीत दिवसभर कढई चालू असते आणि त्यांना मान वर करायला वेळ नसतो. एक संध्याकाळ त्यांची जाळी घासून द्या. सोसायटीच्या फळ्यावर १०१, ११२ आणि १९०६ हे तीन क्रमांक लिहा. एका घरातली आग भिंत विचारून पसरत नाही.

‘रविवारी बघू’ म्हणू नका. रविवारी भाजणी असेल, पाहुणे असतील, बाजार असेल. आज रात्री सोडा लावा. उद्या सकाळी पुसा. परवा शेजारच्यांना विचारा, ‘तुमचं झालं का?’ आणि मग खुशाल कढई चढवा.